पाच विसा, दोन कमी

नवी दिल्ली,
सोमवार, ता. ३ फेब्रुवारी १९३६

ती. अक्कास हरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं मेतकूट आणि आमसुलं पोचली. बरणीचं झाकण वाटेत निघालं, त्यामुळे आठ दिवस माझ्या धोतरांना आमसुलांचा वास येत होता. इथे थंडी मी म्हणते आहे. बंगल्यात आम्ही असेंब्लीचे तिघे मेंबर राहतो. आचारी मथुरेकडचा आहे, त्याला भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं वाटतं. बाकी प्रकृती ठीक. अनुपमाचा खोकला थांबला का? भाचीला सांग, मामाने तिच्यासाठी लोकरीची टोपी घेऊन ठेवली आहे.

भावोजींचं पत्र शनिवारी आलं. चारच ओळी. ठराव मागे घ्यावा, लाँच-कंपनीच्या मुंबईच्या साहेबांची तशी इच्छा आहे, आपण सुज्ञ आहात. आजवर त्यांनी मला 'अरे हरी' म्हटलं, या पत्रात 'आपण' झालो. त्यांना अजून उत्तर लिहिलेलं नाही. तुला लिहितो. ठराव मी मागे घेणार नाही.

ठराव काय आहे ते तुला नीट कळावं म्हणून सांगतो. देशाच्या किनाऱ्यांवर, खाड्यांतून आणि नद्यांतून उतारूंच्या बोटी नि लाँची चालतात. त्यांत किती माणसं भरतात, ती कोण मोजतं, आणि बोट बुडाली तर जबाब कोण देतं, याची साऱ्या हिंदुस्थानाकरता एक कमिटी नेमून चौकशी व्हावी, एवढंच त्यात म्हटलं आहे. असेंब्लीत आमच्यासारख्यांच्या ठरावांच्या चिठ्ठ्या टाकतात. माझी निघाली. ता. २० ला, गुरुवारी, बोलायचं आहे. इथले एक बडे पुढारी मला म्हणाले, लष्कराचा खर्च, रेल्वे, परदेशी व्यापाराचे करार एवढे प्रश्न पडले असताना तुम्ही खाडीतली लाँच काय घेऊन बसलात? मी त्यांना म्हटलं, मलबारात, पूर्व बंगालात, आमच्या कोकणात वर्षाला किती माणसं अशी जातात हा आकडा सरकारजवळ नाही आणि तुमच्याजवळही नाही. त्यांनी विषय बदलला. मत देतील की नाही, ठाऊक नाही.

भाषणात दासगावची हकीकत घालणार आहे. तू ती डोळ्यांनी पाहिलीस, मी तेव्हा इथे होतो. म्हणून जशी लिहिली आहे तशी खाली उतरवतो. चुकलं असेल तिथे कळव.

'गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर मुंबईची आगबोट बाणकोटला तीन तास उशिरा आली. गिरण्यांतून सणाला घरी निघालेली महाड-पोलादपूरकडची माणसं तिच्यातून उतरली आणि सावित्रीतून वर दासगावला जाणाऱ्या लाँचीत चढली. लाँचीचं लायसन पंचाहत्तर माणसांचं. तोवर भरती संपून ओहोटी लागली होती. दासगावचा धक्का दिसू लागला तेव्हा लाँच वाळूच्या दांड्याला लागली, माणसं घाबरून एका अंगाला झाली आणि ती उलटली. होडीवाल्यांनी एक्कावन्न माणसं जिवंत काढली. एकवीस प्रेतं सापडली. बाकीची माणसं ओहोटीबरोबर गेली.'

मे महिन्यात महाडच्या मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी झाली, तीत कंपनीतर्फे वकील म्हणून मी उभा होतो. आलेला पक्षकार परतवू नये अशी आमच्या धंद्याची रीत आहे, आणि कंपनीचा दासगावचा एजंट माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. निकाल असा झाला की लाँचीत बहात्तरच माणसं होती. एक्कावन्न आणि एकवीस. म्हणजे लायसनच्या आत. दोष ओहोटीचा आणि उतारूंच्या गडबडीचा.

या निकालाचा अर्थ मला डिसेंबरात पोलादपूरला कळला. शाळेच्या बक्षीस-समारंभाला गेलो होतो. बाहेर आलो तर ठमाबाई उभी. चौकशीत जिची मी उलटतपासणी घेतली ती ठमाबाई. तिचा नवरा भागोजी गिरणीत होता. तो आजारी म्हणून ही लेकीला घेऊन मुंबईला गेली होती, आणि सणाला तिघं परत येत होती. भागोजीचं प्रेत मिळालं. आठ वर्षांची आवडी मिळाली नाही. पाटलाने मरणाच्या नोंदीत तिचं नाव घालायला नकार दिला, कारण जे सापडले नाहीत ते लाँचीत नव्हतेच असं कोर्टाच्या निकालावरून ठरतं.

ठमाबाई मला म्हणाली, "सायेब, माझी आवडी लाँचीत नव्हती असं तुमच्या कोर्टानं लिवलंय. मंग ती हाय कुठं? तेवडं सांगा, मी आनायला जाते."

तिने शिव्या घातल्या असत्या तर मी गाडीत बसून निघून आलो असतो. पण ती खरोखरच उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

तेव्हापासून पोलादपूरचे सहदेव मास्तर सुट्टीच्या दिवशी वाड्यावाड्यांतून हिंडून न सापडलेल्यांची नावं लिहून आणताहेत. एकोणीस झाली. ती मी सभागृहात वाचणार आहे. भावोजींना आवडो, कंपनीला आवडो, न आवडो.

चौकशीच्या आदल्या दिवशी तुमच्या ओटीवर बसलो होतो, तेव्हाचंही थोडं लिहायचं होतं. आज टपाल निघायची वेळ झाली. पुन्हा कधी.

तुझा
हरी

*

दासगाव,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी

चि. हरीस अक्काचा आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. अनुपमाचा खोकला गेला. हे महाडला गेले आहेत म्हणून निवांत लिहायला सापडलं.

हकीकत बरोबर आहे. एक मात्र काढ. माणसं घाबरून एका अंगाला झाली असं लिहितोस, ते तू कोर्टात म्हणालास तेच आहे. ओटीवर जी माणसं आणून निजवली ती वेगळं सांगत होती. हलायला जागाच नव्हती, हात वर करता येत नव्हता, म्हणत होती. मी त्यांना पेज पाजली, मला ठाऊक आहे.

ठमाबाईला मी माझं कोरडं लुगडं दिलं. ती ओलं सोडीना. थंडीने दात वाजत होते पण पदर मुठीत धरून बसली होती. पदराला चार गाठी होत्या. म्हणाली, बाणकोटला फळीवरून माणसं येताना मी मोजत होते, फळी मोडते का काय म्हणून. वीस झाली की एक गाठ. चार गाठी झाल्यावर आणखी अठरा आली, मग फळी काढली. भाताच्या पेंढ्या आम्ही अशाच मोजतो, म्हणाली. शेवटी तो पदरच मी फाडून तिच्या हातात दिला, तेव्हा तिने लुगडं बदललं.

ओटीवरचं तू लिहिलं नाहीस, ते मीच लिहिते. मी दाराआड होते. ह्यांनी त्या लाँचीचं, बाणकोटला फाडून दिलेल्या तिकिटांच्या मागे राहिलेल्या स्थळप्रतींचं पुस्तक तुझ्यापुढे ठेवलं. तू पानं उलटलीस, बोटाने मोजलंस आणि म्हणालास, "मागितल्याशिवाय हजर करू नका. आणि कोणी मागणार नाही हे मी बघतो." त्या रात्री तू जेवला नाहीस. मला वाटलं, सकाळपर्यंत तुझं मन फिरेल.

चौकशी झाल्यावर ह्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं आणि बंबात घाल म्हणाले. मी बंबात जुनी पंचांगं घातली. पुस्तक माझ्या गोधड्यांच्या गाठोड्यात आहे. होतं. या पत्राबरोबर पार्सलाने येत आहे. शेवटच्या पानावर ह्यांची सही आहे. तिच्यामुळे ह्यांचं काय होईल ते मला समजतं. मी बारा वर्षांची या घरात आले, मला या घराचं वाईट व्हावं असं वाटेल का? पण धक्क्यावर जाते तेव्हा मला माणसं विचारत नाहीत आणि मी सांगत नाही, असं अकरा महिने चाललं आहे. आता पुरे.

कोणी विचारलं तर पुस्तक अक्काने पाठवलं म्हणून सांग. चोरून नेलं असं सांगू नकोस. मीही लपवणार नाही.

एक विचारते. तू तसं का केलंस? आमच्यासाठी केलंस असं लिहू नकोस. ते मला खोटं वाटेल.

अक्का

*

पोलादपूर,
रविवार, ता. १९ एप्रिल १९३६

ती. अक्कास हरीचा साष्टांग नमस्कार.

दिल्लीहून टाकलेली माझी तिन्ही पत्रं न फोडता परत आली. पाकिटांवर 'घेणार नाही' हे भावोजींचं अक्षर. म्हणून हे राहीबाईच्या हाती देतो. तुमच्याच गावची, सुकी मासळी घेऊन इथल्या बाजाराला येते. तिने सगळं सांगितलं. एजन्सी गेली. माझं नाव घरात काढायचं नाही असा हुकूम आहे. आणि भावोजींनी विचारण्याच्या आधीच तू त्यांना सांगितलंस की पार्सल तूच पाठवलंस. अक्का, मी त्या दिवशी दिल्लीत उभा राहून जे केलं त्याला दीडशे माणसं ऐकायला होती. तू स्वयंपाकघरात एकटीने केलंस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या तिन्ही पत्रांत होतं. पुन्हा लिहितो, पण आधी त्या दिवसाचं सांगितलं पाहिजे.

पुस्तक वेळेवर आलं. अठ्ठ्याण्णव स्थळप्रती. पाच विसा, दोन कमी, ठमाबाईने कोर्टात सांगितला होता तोच आकडा. गुरुवारी ते कोटाच्या आतल्या खिशात घालून गेलो. ठराव मांडला. मलबारच्या, बंगालच्या बोटींचे मिळाले तेवढे आकडे दिले, विलायतेत काय कायदा आहे ते सांगितलं, दासगावची हकीकत सांगितली. आणि पुस्तक काढलं नाही. खरं सांगतो, हात खिशापर्यंत जाई आणि परत येई. लाँचीत नव्वदाहून जास्त माणसं होती 'असं समजतं', एवढं बोलून मी खाली बसलो. टाळ्या पडल्या. एकाने चिठ्ठी पाठवली, उत्तम भाषण. मला वाटलं, झालं, निभावलं.

मग सरकारी बाकावरचे एक गृहस्थ उठले. मोठे सभ्य, आवाज हळू. म्हणाले, सन्माननीय मेंबर म्हणतात लाँच वाजवीपेक्षा जास्त भरली होती. पण चौकशीत एका अत्यंत हुशार वकिलाने बहात्तर हा आकडा पुराव्यानिशी शाबीत केला आहे. त्यांनी चौकशीचे कागद काढले आणि माझी उलटतपासणी वाचू लागले. बाई, तुला शंभरापर्यंत मोजता येतं का? नाही. या कोर्टात किती माणसं बसली आहेत ते सांग. ती बोटांवर मोजत राहिली. मग मी तिच्या हातातला फाटका पदर उचलून मॅजिस्ट्रेटला दाखवला होता आणि म्हटलं होतं, कंपनीचं भवितव्य आता या गाठींवर ठरायचं आहे. महाडच्या कोर्टात तेव्हा हशा झाला. दिल्लीतही झाला. त्या गृहस्थांनी हशा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, हे वकील कोण ते सन्माननीय मेंबर सभागृहाला सांगतील काय?

ठराव मांडणाऱ्याला शेवटी उत्तराचा हक्क असतो. मी उठलो. खिशातलं पुस्तक काढून हातात धरलं.

मी म्हटलं, "तो वकील मी. तेव्हा मी खोटं बोललो, आणि खोटं आहे हे मला ठाऊक होतं. हे तिकिटांचं पुस्तक. चौकशीच्या आधी मी ते पाहिलं होतं आणि दडवून ठेवायला मीच सांगितलं. त्या बाईचा हिशेब बरोबर होता. तिच्यावर हसलात, तसेच तिथेही हसले होते, आणि हसवणारा मी होतो. माझ्यासारखा माणूस एवढ्या सहज अठ्ठ्याण्णवांचे बहात्तर करू शकतो, म्हणून ही कमिटी पाहिजे."

सरकारी बाजूने कोणी हरकत घेतली की कोर्टाचा निकाल इथे उकरता येत नाही. मी बोलत राहिलो. सहदेव मास्तरांची यादी काढली आणि नावं वाचायला लागलो. चांगू, वरंधचा. बयाबाई, तिच्या कडेवरचं मूल. आवडी भागोजी. घंटा झाली. मी थांबलो नाही. पुन्हा घंटा झाली. एकोणिसावं नाव वाचूनच बसलो. ज्यांनी मला खाडीतल्या लाँचीवरून टोकलं होतं, त्या पुढाऱ्यांनी मत दिलं. ठराव सत्तावन्न विरुद्ध एक्कावन्न मतांनी पास झाला.

पास झाला, म्हणजे काय झालं ते ऐक. असले ठराव सरकारवर बंधनकारक नसतात. महिन्याने उत्तर आलं, विषय प्रांताकडचा आहे, ठरावाची प्रत मुंबईला रवाना केली आहे. कमिटी नाही. माझी सनद का काढून घेऊ नये, अशी हायकोर्टाची नोटीस मात्र वेळेवर आली. कंपनीच्या सॉलिसिटरांचीही आली. महाडच्या बाररूममध्ये माझी खुर्ची कोणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. राहू दे. काढू देत सनद. पुढच्या अधिवेशनात पुन्हा चिठ्ठी टाकीन, निघाली नाही तर रोज प्रश्न विचारीन. मेंबरकी आहे तोवर मला कोणी गप्प करू शकत नाही, आणि ती गेल्यावर कोकणातल्या धक्क्याधक्क्यावर उभा राहून बोलेन.

आता तुझा प्रश्न. तुमच्यासाठी केलं नव्हतं, हे तू बरोबर ओळखलंस. एजन्सी वाचावी हे मनात होतं, पण त्यासाठी त्या बाईचं हसं करायची गरज नव्हती. मला जिंकायचं होतं, अक्का. मुंबईचे साहेब मागे बसले होते. महाडचा एक वकील काय करू शकतो ते त्यांना दाखवायचं होतं. तो पदर उचलला तेव्हा मला आनंद झाला. त्या रात्री मी जेवलो नाही असं तू लिहितेस, ते चौकशीच्या आधी. चौकशी जिंकल्यावर मी पोटभर जेवलो. एवढं मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

परवा असेंब्लीच्या कामकाजाचा छापील वृत्तान्त घेऊन ठमाबाईच्या वाडीवर गेलो. सहदेव मास्तर बरोबर होते. चढ मोठा आहे. ती अंगणात गोवऱ्या थापत होती, हात धुऊन आली. मी तिला सगळं मराठीत सांगितलं, माझ्यासकट. मग पान उघडून दाखवलं. इंग्रजी अक्षरं आहेत, तिला काय कळणार, असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "कंचं हाय?" मी नावावर बोट ठेवलं. माझं बोट बाजूला करून तिने तिथे आपलं ठेवलं.

"वय काय घातलंय?"

"आठ."

"आठ नाय. नववं लागलं व्हतं. मास्तर, मी तुमास्नी सांगितलं व्हतं."

मी दुरुस्ती करतो म्हटलं. मग हात जोडले, म्हटलं, बाई, माझी चूक मी दिल्लीत सगळ्यांसमोर कबूल केली आहे, मला क्षमा कर.

तिने नावावरचं बोट काढलं. मग म्हणाली, "दिल्लीत माझं कोन हाय? मी खोटी ठरली ती म्हाडच्या कोर्टात. समदी सोयरी बसली व्हती. तुमी बोललाव ते म्हाडला येऊन बोला, आमच्या भाषेत बोला. मंग बगू."

क्षमा तिने केली नाही, आणि मी पुन्हा मागितली नाही. ती म्हणाली तेच बरोबर आहे. दीडशे माणसांसमोर इंग्रजीत छाती पुढे काढली, आणि इथून बारा मैलांवर जे बोलायचं ते टाळून मी तिच्या अंगणात हात जोडायला गेलो होतो.

तर उद्या सोमवारी मी महाडच्या कचेरीत मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज देणार आहे. चौकशी पुन्हा उघडावी, न सापडलेल्या सव्वीस जणांची, नावं मिळालेल्या एकोणिसांची आणि अजून न मिळालेल्या सातांची, नोंद व्हावी, आणि पुरावा दडवल्याबद्दल माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी. वकिलाच्या टेबलाशी नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहीन. सरकारी वकिलांनी कालच निरोप धाडला की याने तुरुंगही होऊ शकतो, विचार करा. विचार झाला आहे. वाड्यांवरून चाळीसएक माणसं पहाटे चालत निघणार आहेत. ठमाबाई पुढे असेल.

भावोजींना समन्स येईल. हे एवढं त्यांना वाचून दाखव, नाव काढायचं नसलं तरी. त्यांनी तिथे खरं सांगितलं तर मी त्यांच्या शेजारी उभा राहीन आणि जी शिक्षा होईल तिचा मोठा वाटा माझा आहे असं म्हणेन, कारण तो आहेच. खोटं सांगितलं तर त्यांच्यासमोर मी असेन. एजन्सीबद्दल मला वाईट वाटतं. पुस्तकाबद्दल वाटत नाही.

तुला ये म्हणत नाही आणि येऊ नकोसही म्हणत नाही. कचेरी अकराला उघडते.

अनुपमाची टोपी राहीबाईजवळ दिली आहे. उन्हाळ्यात लोकरीची टोपी, हसू नका.

तुझा भाऊ, आणि उद्यापासून ठमाबाईच्या बाजूचा साक्षीदार,
हरी